प्रेशर ग्रॅपलिंगवाले फायटर पस्तिशीनंतर असे अचानक का ढेपाळतात?

पटवाला:

एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. सगळे म्हणतात स्ट्रायकिंग (ठोसे-लाथा) हे तरुणांचं काम, रिफ्लेक्स गेले की खेळ खल्लास, पण ग्रॅपलिंग (धरपकड, कुस्ती) वयाबरोबर मुरतं, ताकद शेवटपर्यंत राहते वगैरे वगैरे. मॅटवर ते खरंही वाटतं, चाळिशीतला ब्राऊन बेल्ट (जिउजित्सूत ब्लॅकच्या आधीचा पट्टा) एकदा छातीवर बसला की पंचविशीतल्या पोराला श्वास घेता येत नाही, मी खाली राहून बघितलंय.

पण एमएमए (जाळीच्या केजमधली लढत, ठोसे-लाथा आणि कुस्ती दोन्ही चालतं) बघायला गेलं तर चित्र उलटं दिसतं राव. केजला चिकटवायचं, खाली पाडायचं, वर बसून जीव काढायचा, असा ज्यांचा खेळ आहे तेच लोक पस्तिशीच्या आसपास धाडकन खाली येतात. यूएफसीतल्या (एमएमएची सगळ्यात मोठी संस्था) उस्मानचं बघा, २०१९ ला वुडलीला पाचही राउंड चिरडून बेल्ट घेतला, तीन वर्षं कोणी हात लावू शकलं नाही, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये एडवर्ड्सची हेड किक खाल्ली, मग परत एडवर्ड्सकडूनच हरला, मग चिमाएवकडून. कविंग्टन २०२३ च्या डिसेंबरमध्ये एडवर्ड्ससमोर उभा राहिला तेव्हा ३५ चा होता आणि चार राउंड तो कविंग्टन वाटतच नव्हता, नुसता फिरत होता. डेमियन माया वुडलीसमोर गेला तेव्हा तर एक टेकडाउन (समोरच्याला खाली पाडणं) लागेना.

आणि दुसऱ्या बाजूला ग्लोवर टेशेरा ४२ व्या वर्षी चॅम्पियन होतो, रँडी कुटूर ४३ व्या वर्षी हेवीवेटचा बेल्ट परत घेतो. ते पण प्रेशरवालेच की. मग नक्की जातं काय? दम? ताकद? की डोकंच कंटाळतं रोज रोज लोकांना चिकटून?

(खबीब मुद्दाम घेतला नाही, तो ३२ व्या वर्षी २९-० करून गेला, वडील गेल्यावर आईला शब्द दिला होता म्हणून. त्याचं वय होताना आपण बघितलंच नाही.)

हाफगार्डचा भाडेकरू:

मस्त प्रश्न. माझं मत सांगतो, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आपण ज्याला प्रेशर म्हणतो त्यात दोन कामं आहेत आणि दोन्हीचं वय सारख्या वेगाने वाढत नाही. पहिलं काम म्हणजे समोरच्यापर्यंत पोचणं, म्हणजे लांबून लेव्हल बदलून (झटकन खाली वाकून) आत शिरायचं, पट धरायचा, त्याने स्प्रॉल केला (पाय मागे फेकून वरून वजन टाकलं) तर सिंगलवर (एकाच पायावर) जायचं, तो सुटला तर बॉडी लॉक (कंबरेला मिठी), तोही तुटला तर परत पट, हे सगळं चार-पाच सेकंदांत. दुसरं काम म्हणजे पोचल्यावर वजन टाकून बसणं. दुसरं काम फार उशिरा म्हातारं होतं, पहिलं लवकर होतं, आणि लोक दुसऱ्याकडे बघून म्हणतात की ग्रॅपलिंगला वय नसतं.

कारण साधं आहे. वर बसून दाबणं, क्रॉसफेस (हाताने तोंड दाबून वळवणं) लावून ठेवणं, मनगट धरून ठेवणं ह्यात स्नायू आवळून धरायचे असतात किंवा समोरचा ढकलतोय तो जोर झेलायचा असतो. ही धरून ठेवायची आणि झेलायची ताकद वयाबरोबर सगळ्यात हळू कमी होते. शॉटला (पाय धरायला मारलेल्या झेपेला) लागते ती स्फोटक ताकद, म्हणजे कमी वेळात जास्त जोर. ती फास्ट ट्विच फायबरवर चालते आणि वय वाढलं की आधी तेच फायबर बारीक होतात. म्हणून ३७ चा माणूस डेडलिफ्ट पहिल्याइतकीच मारतो आणि त्याला वाटतं माझं काहीच गेलेलं नाही, पण डबल लेगला (दोन्ही पाय धरायच्या शॉटला) तो अर्धं पाऊल उशिरा पोचतो. आणि एमएमएमध्ये अर्धं पाऊल उशीर म्हणजे तोंडावर गुडघा.

दुसरं, फसलेला शॉट फुकट नसतो. लागलेल्या टेकडाउनपेक्षा तो जास्त महाग पडतो, कारण टेकडाउन लागला तर वर बसून दम खाता येतो, फसला तर लगेच उठून परत लढायचं. तरुणपणी दहा शॉटमधले पाच लागायचे, आता दोन लागतात, बाकीच्या आठांचं बिल भरायचं कुठून? त्यात मॅक्स हार्ट रेट वयाबरोबर उतरतोच, कितीही ट्रेनिंग करा. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचे असा एक सरासरी हिशोब आहे, त्याने २५ व्या वर्षी १९० च्या आसपास येतो आणि ३७ व्या वर्षी १८२. आठ ठोके ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण तिसऱ्या राउंडला दोन स्फोटांच्या मधे दम भरून यायला जो वेळ लागतो तो लांबतो, आणि चेन रेसलिंगचा (एक डाव फसला की लगेच पुढचा) सगळा खेळ त्या मधल्या वेळेवर आहे.

मायाचं उदाहरण तूच दिलंस, तेच घेऊ. २०१७ चा जुलै, यूएफसी २१४, माया ३९ चा. सलग सात फाइट जिंकून आला होता. वुडलीसमोर २१ टेकडाउनचे प्रयत्न, लागला एकही नाही. मग कविंग्टनकडून हरला, उस्मानकडून हरला, लोक म्हणाले संपला. आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तोच माया, ४१ चा, बेन आस्क्रेनला तिसऱ्या राउंडला गळा आवळून झोपवतो. का? कारण तिथे आस्क्रेन स्वतःच त्याला मॅटवर घेऊन गेला! पोचण्याचं काम समोरच्याने करून दिलं, मग मायाने खालून उलटवला, पाठ घेतली आणि खेळ संपवला. पोचल्यानंतरचा माया ४१ व्या वर्षीही जगातल्या कोणाहून कमी नव्हता. पोचणारा माया मात्र ३९ लाच गेला होता.

एल्बोवाला:

थिअरी छान आहे पण उस्मान ह्यात बसत नाही भावा. यूएफसी २७८ परत बघ. पहिला राउंड सोडला (एडवर्ड्सने त्याला टेकडाउन केलं, यूएफसीत उस्मान पहिल्यांदाच खाली पडला) तर पुढचे तीनही राउंड उस्मानचे, आणि ते त्याने बऱ्याच अंशी रेसलिंगवरच घेतले. तिन्ही जजकडे ३९-३७ पुढे होता. फाइट संपायला मिनिटसुद्धा नव्हतं. किक लागली ती लागली. ह्यात वय कुठे आलं? ती किक २८ व्या वर्षीही लागली असती, डावा हात दाखवून पाय मारला, कोणीही गेला असता.

माझं म्हणणं असं की लोक आधी निकाल बघतात आणि मग वय मोजतात. प्रेशरवाल्यांचं खरं नुकसान त्यांच्या स्टाइलमुळे होतं, वयामुळे नाही. सतत पुढे चालत जायचं म्हणजे मार खात आत जायचं. एकेका फाइटला कमी लागतात पण दहा-बारा वर्षांत जिममधल्या स्पॅरिंगसकट हिशोब केला तर डोक्याला भरपूर लागलेले असतात. हनुवटी (ठोसे झेलायची ताकद) एकदा कमी झाली की शॉट मारायला जीव धजत नाही, कारण आत जाताना अपरकट दिसतो, मग तो लांब उभा राहतो, मग तुम्ही म्हणता शॉट स्लो झाला. शॉट स्लो झालेला नसतो, भीती बसलेली असते.

आणि उस्मानचा पुढचा भाग विसरलात का? २०२५ चा जून, ३८ चा उस्मान, जवळपास वीस महिने बाहेर बसून आला, समोर बकली, तरुण, दांडगा, एकामागोमाग लोकांना झोपवत आलेला. त्याला पाडला, केजला धरला, पाच राउंड आरामात जिंकला. हे अर्धं पाऊल उशिरा पोचणं तेव्हा कुठे गेलं होतं?

हाफगार्डचा भाडेकरू:

बकलीचा मुद्दा मान्य, पण तूच उत्तर दिलंस की. वीस महिने बाहेर! उस्मानचे गुडघे वर्षानुवर्षं खराब आहेत हे तो स्वतः बोललाय, आणि शॉट मारताना सगळा भार गुडघ्यावर. सुट्टी मिळाली, सांधे थंड झाले, एका रात्रीपुरता जुना माणूस दिसला. पस्तिशीनंतर हे होतं, एखाद्या रात्री सगळं जुळून येतं. तरुणपणी मात्र ते वर्षाला तीनदा जुळवता येतं, प्रश्न त्या सातत्याचा आहे.

हनुवटीचं जे म्हणालास ते मात्र मला पटतंय. भीती आणि स्लो होणं ही दोन वेगळी कारणं असली तरी बाहेरून सारखीच दिसतात. कविंग्टनचं तसंच असेल, कारण त्या एडवर्ड्सच्या फाइटला पाचव्या राउंडला तो एकदाचा वर आला आणि वर आल्यावर लगेच जुना कविंग्टन दिसला, दाबतोय, मारतोय, बडबडतोय. चार राउंड वर यायलाच निघाला नाही.

वजनकाटा:

दोघेही एक गोष्ट सोडताय, वजनगट. कुटूर आणि टेशेरा कोणत्या गटातले? हेवी आणि लाइट हेवी. तिथे स्क्रॅम्बल (सुटायची-उठायची झटापट) कमी, माणसं मोठी, एकदा खाली पडला की उठायला वेळ लागतो. टेशेराने ब्लाहोविचला पहिल्या राउंडला एकदा पाडला आणि जवळपास राउंडभर त्याच्यावर बसून राहिला, दुसऱ्याला हुक लावला, परत खाली, माउंट (अंगावर स्वार), गळा, संपलं. म्हणजे टेकडाउन मोजून दोन-तीन लागले. बँटमवेटला (हलक्या गटात) असं होतं का? तिथे पाडल्यावर पोरगं तीन सेकंदांत उभं, परत पाडायचं, परत उभं. मेराब द्वालिश्विलीने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सँडहेगनला २० वेळा पाडला, वीस! कारण पाडून ठेवता येत नाही. हलक्या गटातलं प्रेशर म्हणजे खरं तर कार्डिओ, जड गटातलं प्रेशर म्हणजे वजन. कार्डिओ आधी उतरतो.

कुटूरचं तर आणखी वेगळं. तो ग्रीको रोमनवाला. टिम सिल्व्हियाला त्याने २००७ च्या मार्चमध्ये हरवला तेव्हा लांबून पटात उड्या मारत बसला नव्हता, ठोसा मारून क्लिंचमध्ये (उभ्याने मिठीत), मग केजला, डोकं हनुवटीखाली, एक हात मानेवर, दुसऱ्या हाताने छोटे छोटे ठोसे. पाचही राउंड जिंकला. कमरेपासून वरची कुस्ती गुडघे खात नाही.

पटवाला:

हे लय भारी झालं, एवढं अपेक्षित नव्हतं. पण @वजनकाटा बेलाल मुहम्मदचं काय मग? वेल्टरवेट (१७० पौंडांचा गट), ३६ व्या वर्षी, २०२४ च्या जुलैमध्ये एडवर्ड्सला परत परत पाडून बेल्ट घेतला. आणि इस्लाम माखाचेव्ह, ३४ चा, लाइटवेट (१५५ पौंड) सोडून वर गेला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये डेला मडालेनाला पाचही राउंड खाली ठेवलं. ते कसं बसवायचं?

आणि मेराबचं उलटं. ऑक्टोबरला वीस टेकडाउन आणि डिसेंबरला पेट्र यानने जवळजवळ सगळे शॉट अडवले, बेल्ट गेला. दोन महिन्यांत तो म्हातारा झाला का? तेव्हा ३४ चा होता.

वजनकाटा:

बेलाल एडवर्ड्सला मुख्यतः पोझिशनने हरवतो, स्पीडने नाही. हात मारत मारत केजपर्यंत ढकलत न्यायचं आणि तिथे अंडरहूक (काखेखालून घातलेला हात). एडवर्ड्सची पाठ केजला लागली की तो नेहमीच अर्धा होतो, आधी पण झालाय. इस्लाम तर वर गेला हेच त्याचं शहाणपण. १५५ पौंडांला उतरायचं म्हणजे त्याच्या अंगातून पाणी पिळून काढावं लागायचं, १७० ला ते नाही. वय वाढलं की वेट कट (फाइटआधी वजन उतरवणं) आधी दम काढून नेतो, आणि प्रेशरवाल्याचा दम गेला तर उरतं काय. स्ट्रायकर गॅस झाला (पार दमला) तरी एक ठोसा शिल्लक असतो.

मेराबचं मला वाटतं वयापेक्षा कॅलेंडरचं आहे. २०२५ मध्ये जानेवारी, जून, ऑक्टोबर, डिसेंबर अशा चार टायटल फाइट. चार! आणि प्रत्येकीआधी कॅम्प (कडक तयारी). त्यात यान अभ्यास करून आला होता, शॉट येताना पोटात मारत होता. अंग भरून यायला जो वेळ लागतो तो २६ व्या वर्षी दोन आठवडे असेल तर ३४ ला तो तेवढा राहत नाही, एवढंच म्हणेन. अजून दोन फाइट बघू मग बोलू.

कोपरा नंबर दोन:

मी बरीच वर्षं ग्रॅपलिंग शिकवतोय, चाळिशी ओलांडलेले बरेच जण मॅटवर असतात, काही हौशी तर काही अजून लढणारे. वरची चर्चा वाचून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या, कारण सगळेजण फाइटच्या रात्रीबद्दल बोलताय आणि खरा मार त्याच्या आधीच्या दहा आठवड्यांत बसतो.

प्रेशर ही स्टाइल व्हॉल्यूमवर तयार होते. स्ट्रायकर टायमिंग पॅडवर, शॅडोमध्ये, हलक्या स्पॅरिंगमध्ये टिकवू शकतो. प्रेशरवाल्याला खरा माणूस लागतो, तोही विरोध करणारा. केजला चिकटवून पाच मिनिटं ढकलायचं, ताजा पार्टनर, परत पाच मिनिटं, परत ताजा पार्टनर. वजन कुठे टाकायचं, समोरचा कंबर कधी हलवणार, हे अंगाला कळतं ते असल्या राउंडमधूनच. आता ३६-३७ वर्षांच्या माणसाला आठवड्यात असे राउंड किती देणार? दिले तर मान, कंबर, गुडघे बोलायला लागतात. नाही दिले तर ते अंगातलं ज्ञान बोथट होतं. दोन्हीकडून अडचण. कमी ट्रेनिंग केलं म्हणून स्लो झाला की स्लो झाला म्हणून कमी ट्रेनिंग करतो, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

मानेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. शॉट मारताना डोकं समोरच्याच्या बरगडीला लागतं, स्प्रॉल आला की सगळं वजन मानेवर, खालून गिलोटिन (मानेला हाताचा फास) येतो तो वेगळाच. वीस वर्षं हे केलं की मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या वाळतात, पातळ होतात. मग हाताला मुंग्या, पकड ढिली. पकड ढिली झाली की लोक म्हणतात ताकद गेली, आणि दुखणं मानेत असतं. कंबरेचंही तेच. कॉर्मिए आठवा, २०१९ च्या ऑगस्टला मिओचिचबरोबरची दुसरी फाइट, ४० चा होता, आधी पाठीचं ऑपरेशन झालेलं. पहिल्या राउंडला मिओचिचला उचलून आपटला, वाटलं आता सोपं आहे. त्यानंतर रेसलिंग जवळपास सोडूनच दिली. कोपऱ्यातून रेसलिंग कर म्हणून सांगत होते तरी उभा राहून हाणामारी करत बसला आणि चौथ्याला पोटात खाऊन गेला. तो मूर्ख नव्हता, ऑलिम्पिकपर्यंत गेलेला रेसलर आहे. मला विचाराल तर अशा वेळी अंग आतून सांगतं की तो एक शॉट महाग पडेल, आणि माणूस स्वतःच्याही नकळत उभं राहणं निवडतो. एल्बोवाला ज्याला भीती म्हणतो ती ठोशाचीच असते असं नाही, कधी कधी स्वतःच्या पाठीची असते.

आस्क्रेनचं तर उघडच आहे, मायाकडून हरला आणि लगेच निवृत्त झाला कारण खुबा बदलायची वेळ आली होती. ३५ वर्षांचा. मायाचं वय त्याच्याहून सहा वर्षं जास्त, पण अंग कमी झिजलेलं, कारण माया जिउजित्सूवाला, आयुष्यभर बसून, लोळून, हळूहळू खेळलेला. लहानपणापासून रेसलिंग केलेल्याचं वय कागदावर ३५ असलं तरी सांधे ४५ चे असतात. तेव्हा वय मोजताना जन्मतारखेपेक्षा मॅटवर किती वर्षं झाली ते बघा.

एल्बोवाला:

सर हे शेवटचं एकदम पटलं. कॉर्मिएच्या त्या फाइटबद्दल मी आजवर त्याला शिव्याच दिल्यात 😄

एक विचारतो, मग तुमच्याकडचे जे चाळिशीतले आहेत ते प्रेशर सोडतात की बदलतात?

कोपरा नंबर दोन:

सोडत कोणीच नाही, सोडायचं म्हणजे नव्याने शिकायचं, तेवढा वेळ कोणाकडे आहे. बदलतात. मी लावतो ते सांगतो.

मोकळ्या जागेतला डबल लेग जवळजवळ बंद. गुडघा टेकवून मारायचा शॉट तर पूर्ण बंद. त्याऐवजी हात मारत किंवा हात अडवत क्लिंचमध्ये शिरायचं, कंबरेला बॉडी लॉक, समोरच्याला केजला लावायचं आणि आतून किंवा बाहेरून पाय अडकवून बसवायचं. पाडायचं नाही, बसवायचं. उचलून आपटणं बघायला छान, पण त्यात कंबर जाते आणि तरुण पोरगं आपटल्याच्याच जोरात उसळी मारून उठतं. बसवलेला माणूस केजला टेकलेला असतो, त्याचे पाय आपल्या पायांत, एक मनगट आपल्या हातात. खबीब जे करायचा, पाय गुंडाळून मनगट पाठीमागे धरून, त्यात स्फोट किती कमी आहे बघा, सगळं बांधून ठेवणं आहे. म्हणून ती पद्धत वय झालेल्याला फार उपयोगी.

वर आल्यावर पण घाई नाही. तरुण प्रेशरवाला पोझिशन बदलत राहतो, हाफ गार्ड (आपला एक पाय खालच्याच्या पायांत अडकलेला), साइड, माउंट, पाठ. वय झालेल्याने हाफ गार्डमध्येच घर करावं. डोकं त्याच्या हनुवटीखाली, अंडरहूक घट्ट, छाती त्याच्या छातीवर तिरकी, आणि खालच्याला सगळं वजन उचलायला लावायचं. खालचा हलला की तो दमतो, आपण दमत नाही. माउंट घ्यायच्या नादात जागा द्यायची आणि मग परत स्क्रॅम्बल, तिथे आपण हरणारच, पोराला स्क्रॅम्बल आवडतो.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट, पहिला शॉट अडवला गेला की थांबायचं. दुसरा मारायचा नाही, हात धरून क्लिंचमध्ये राहायचं, दम घ्यायचा. हे शिकवायला महिने जातात कारण आयुष्यभर त्यांना उलटं शिकवलेलं असतं, अडवलं की लगेच पुढचा.

हाफगार्डचा भाडेकरू:

सर हे वाचून एक शंका. हाफ गार्डमध्ये घर करून बसलं तर जज पॉइंट देणार का? २०१७ पासून जजिंगचे निकष बदललेत ना, आधी इफेक्टिव्ह स्ट्रायकिंग आणि ग्रॅपलिंग बघायचं, त्यात बरोबरी झाली तरच आक्रमकता, आणि त्यातही बरोबरी झाली तरच केज कंट्रोल. म्हणजे नुसतं धरून ठेवण्याला जवळपास शून्य किंमत. आधीच्या काळात फिच वगैरे लोक राउंडभर चिकटून बसायचे आणि जिंकायचे, आता तसं बसलं तर खालून दोन एल्बो मारणारा राउंड घेऊन जातो. शिवाय रेफरी उभं करतो ते वेगळंच, आणि उभं केलं की परत पोचण्याचं काम पहिल्यापासून! म्हणजे वय झालेल्या माणसाचा जो खेळ टिकतो त्यालाच नियमांनी स्वस्त केलंय. मला वाटतं पटवाल्याच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे, कुटूरच्या काळात ४३ व्या वर्षी केजला दाबून पाच राउंड जिंकता यायचे, आज तीच फाइट तशीच जिंकता येईल का?

एल्बोवाला:

कुटूर धरून ठेवत नव्हता रे, मारत होता. सिल्व्हियाला पहिल्याच ठोशाला खाली बसवलेला. आजच्या नियमांनीही तो आरामात जिंकला असता.

हाफगार्डचा भाडेकरू:

ते आहे. तरी मुद्दा राहतोच.

कोपरा नंबर दोन:

शंका रास्त आहे. म्हणून हाफ गार्डमध्ये एक हात कायम मारण्यासाठी मोकळा पाहिजे. मोठे ठोसे नकोत, त्यासाठी छाती वर उचलावी लागते आणि तेवढ्यात खालचा गुडघा आत घालतो. छोटे एल्बो, खांदा तोंडावर, बरगडीत ठोसे, थांबू नये. रेफरीला काम दिसलं पाहिजे आणि जजला मार दिसला पाहिजे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून सरळ वरून खाली मारायचा एल्बो पण चालतो, आधी तो फाउल होता, केजला टेकून सिंगल धरून बसलेल्याला वरून तो बसतो हे मात्र लक्षात ठेवा, म्हणजे पट धरून दम खाणंही आता पहिल्यासारखं सुरक्षित राहिलेलं नाही. आमच्याकडे त्यामुळे सिंगल लेगवर डोकं कुठे ठेवायचं ते परत पहिल्यापासून घोटून घेतोय.

पटवाला:

सर, गुडघा टेकवून शॉट बंद म्हणालात ते फक्त लढणाऱ्यांसाठी की हौशींसाठी पण? मी ३७ चा आहे, लढत नाही, पण शॉट मारल्याशिवाय रोल (मॅटवरची सराव-झटापट) केल्यासारखंच वाटत नाही 😅 दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आठवण येते.

कोपरा नंबर दोन:

हौशींसाठी तर आधी बंद. लढणाऱ्याला निदान त्याचे पैसे मिळतात. ड्रिलमध्ये मार, मऊ मॅटवर, पार्टनर विरोध करत नसताना, अंगाला सवय राहील एवढंच. लाइव्ह रोलमध्ये उभ्याने बॉडी लॉक. आणि त्याच दिवशी पायाचा व्यायाम ठेवू नकोस, दुसऱ्या दिवशी ठेव. सूज आलेली असेल तर दोन्ही नको, आधी डॉक्टरला दाखव.

वजनकाटा:

@पटवाला आणि स्वतःहून हलक्या, चपळ पोरांबरोबर कमी रोल कर. तुझ्याच वजनाचा, तुझ्याच वयाचा एखादा शोध, तो पण हाच विचार करत बसलेला असेल.